मोठ्या ड्रिलना धार लावणारे जुने यंत्र : शोध, पारख आणि खरेदी

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्यालय असलेले पांढरकवडा हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर वसलेले आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता २०१० च्या फेररचनेनंतर क्रमांक ४४ झाला. जगदंबेच्या देवस्थानामुळे परिचित असलेले मूळ केळापूर गाव येथून जवळच आहे. कापूस हे परिसराचे प्रमुख पीक, शेजारच्या वणी भागात कोळशाच्या खाणी आणि महामार्गावर अहोरात्र चालणारी मालवाहतूक, अशा या पट्ट्यात लहान-मोठ्या वर्कशॉपांना वर्षभर काम असते. उन्हाळ्यात पेरणीपूर्वी वखर, कल्टिव्हेटर आणि ट्रॉलीची दुरुस्ती, दिवाळीच्या सुमारास जिनिंगच्या यंत्रांची तयारी आणि बारमाही ट्रक-टिपरचे जोडकाम, असा या व्यवसायाचा क्रम आहे.

या कामांत २५, ३२, ४० अथवा ५० मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडण्याची गरज वारंवार पडते. ट्रॉलीच्या हूकची पिन, टिपरच्या बिजागरीचा बुश, जिनिंगच्या यंत्राचे पाये, पुलीचे गाभे ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. एवढ्या मोठ्या ड्रिलची धार गेली की काम थांबते. नवे ड्रिल महाग असते आणि तालुक्याच्या ठिकाणी ते लगेच मिळेलच असे नाही. धार लावून घेण्यासाठी ते नागपूरला पाठवावे, तर सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर आणि जाण्या-येण्यातील दिवस आड येतात. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याचे अवजार चार दिवस वर्कशॉपमध्ये अडकून पडणे ही गोष्ट लहान नव्हे. त्यामुळे धार लावण्याचे यंत्र आपल्याकडेच असावे, असा विचार अनेक कारागीर करतात. नव्या यंत्राची किंमत आवाक्याबाहेर असल्याने शोध सुरू होतो तो जुन्या यंत्राचा. असे यंत्र कोठे शोधावे, ते कसे पारखावे आणि कोणत्या चुका टाळाव्यात, याची माहिती येथे दिली आहे.

हाताने धार लावण्याच्या मर्यादा

पिळाच्या ड्रिलचे एकस्व अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६३ साली घेतले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांनी हायस्पीड पोलादाचे सामर्थ्य दाखविले आणि त्यानंतर ड्रिलचा वेग व आयुष्य दोन्ही वाढले. तथापि ड्रिलच्या टोकाची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही.

ड्रिलच्या टोकाला दोन कापणाऱ्या धारा असतात. त्या धारांमधील कोन सर्वसाधारण कामासाठी ११८ अंशांचा, तर कठीण पोलादासाठी १३५ अंशांचा ठेवतात. धारेच्या मागचा भाग ८ ते १२ अंशांनी उतरता ठेवावा लागतो. यालाच क्लिअरन्स म्हणतात. ड्रिल जितके मोठे तितका हा उतार कमी ठेवण्याची पद्धत आहे. दोन्ही धारांच्या मध्ये छिन्नीसारखी एक आडवी कड असते. ही कड धातू कापत नाही, तर तो दाबत बाजूला सारते. ड्रिलिंग करताना द्याव्या लागणाऱ्या दाबाचा मोठा वाटा या मधल्या कडेमुळेच खर्च होतो.

या तीन गोष्टींपैकी एकही बिघडली तर तिचे परिणाम ताबडतोब दिसतात. एक धार दुसरीपेक्षा लांब झाली, तर छिद्र ड्रिलच्या व्यासापेक्षा मोठे पडते. दोन्ही धारांचे कोन वेगळे झाले, तर एकच धार काम करते आणि तीच लवकर बसते. उतार कमी पडला, तर ड्रिल कापण्याऐवजी घासते आणि तापते. उतार जास्त झाला, तर धार कमकुवत होऊन तिचे तुकडे उडतात आणि ड्रिल धातूत एकदम घुसते.

आय.टी.आय.च्या फिटर व्यवसायात हाताने ड्रिलला धार लावण्याचे शिक्षण दिले जाते. सरावलेला कारागीर १२ ते १५ मिलिमीटरपर्यंतचे ड्रिल बेंच ग्राइंडरवर उत्तम लावतो. दोन सारखे षटकोनी नट एकमेकांना सपाट बाजूने चिकटवून वेल्ड केले की त्यांच्यामध्ये १२० अंशांची खाच तयार होते. तिचा गेज म्हणून उपयोग अनेक वर्कशॉपांत होतो आणि ११८ अंशांच्या जवळ जाण्यास तो पुरेसा ठरतो. ५० मिलिमीटरच्या ड्रिलची गोष्ट मात्र वेगळी आहे. असे ड्रिल सुमारे एक फूट किंवा त्याहून अधिक लांब आणि चांगलेच वजनदार असते. ते हातात तोलून दोन्ही बाजूंना समान घासणे कसबी माणसालाही कठीण जाते. शिवाय घासावयाचे क्षेत्र मोठे असल्याने उष्णता अधिक निर्माण होते. तापलेले हायस्पीड ड्रिल पाण्यात बुडविल्यास धारेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि पुढच्याच छिद्रात धार तुटते.

यात आर्थिक बाजूही आहे. समजा, एका मोठ्या ड्रिलची १०० मिलिमीटर लांबी पुन्हा पुन्हा धार लावून वापरता येण्यासारखी आहे. यंत्रावर एका वेळी दीड मिलिमीटर धातू काढावा लागला, तर त्याला सुमारे ६६ वेळा धार लावता येईल. हाताने लावताना कोन बिघडणे, तो पुन्हा सुधारणे, जळालेला भाग काढून टाकणे यांत दर वेळी पाच मिलिमीटर गेले, तर तेच ड्रिल २० वेळांत संपेल. यंत्राची किंमत वसूल होते ती या फरकातून.

आधी गरज ठरवावी

‘मोठे ड्रिल’ या एकाच शब्दात तीन निरनिराळ्या वस्तू येतात आणि त्यांची यंत्रेही निरनिराळी असतात. जुने यंत्र घेताना होणारी पहिली चूक येथेच घडते.

पहिला प्रकार पोलादी पिळाच्या ड्रिलचा. मोठ्या आकारात त्याचा दांडा निमुळता, म्हणजे मोर्स टेपरचा असतो. साधारणतः १४ मिलिमीटरपर्यंत क्रमांक १, १४ ते २३ पर्यंत क्रमांक २, २३ ते ३२ पर्यंत क्रमांक ३, ३२ ते ५० पर्यंत क्रमांक ४ आणि त्यापुढे ७५ पर्यंत क्रमांक ५ चा टेपर येतो. या लेखाचा मुख्य विषय हाच प्रकार आहे.

दुसरा प्रकार बोअरवेलच्या बिटचा. विहिरी आटल्या की या भागात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. त्यांच्या हॅमरखाली बसणाऱ्या बिटला टंगस्टन कार्बाइडची गोल बटणे असतात. बटण झिजून त्यावर सपाट टिकली तयार होते. या टिकलीचा व्यास बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला, की बटणाला पुन्हा गोलाई द्यावी, असा सर्वमान्य नियम आहे. हे काम हिऱ्याच्या कणांची वाटी बसविलेल्या आणि पाण्याची धार सोडणाऱ्या खास ग्राइंडरवर होते. पिळाच्या ड्रिलचे यंत्र त्यासाठी निरुपयोगी आहे. या कामात उडणारी कार्बाइडची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ते कोरड्याने करू नये.

तिसरा प्रकार खाणींत वापरल्या जाणाऱ्या तीन दातेरी शंकूंच्या बिटचा. तो झिजल्यावर सहसा बदलला जातो. त्याला धार लावण्याचे यंत्र शोधण्यात अर्थ नाही.

आपल्या वर्कशॉपमधील ड्रिलची यादी करावी, त्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा व्यास, टेपरचे क्रमांक व लांबी लिहून काढावी आणि मगच शोधास निघावे. यंत्राच्या पाटीवर क्षमतेचे दोन आकडे असतात. वरचा आकडा सगळेच पाहतात, खालच्याकडे दुर्लक्ष होते. १३ ते ५० मिलिमीटर क्षमतेच्या यंत्रावर ८ मिलिमीटरचे ड्रिल धरता येत नाही. याउलट टेबलावर ठेवण्याची लहान विजेरी उपकरणे बहुधा १३ किंवा १९ मिलिमीटरला थांबतात. जाहिरातीत ‘सर्व आकारांसाठी’ असे लिहिलेले असले तरी मोठ्या ड्रिलसाठी त्यांचा उपयोग नसतो.

यंत्रांचे प्रकार

बाजारात आढळणारी यंत्रे साधारणतः तीन गटांत मोडतात.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे ग्राइंडरपुढे बसविण्याचे झुलते जोड-उपकरण. यात ड्रिल एका व्ही आकाराच्या खाचेत ठेवून ती खाच एका तिरक्या आसाभोवती झुलवितात. त्यामुळे टोकाला शंकूसारखा आकार येतो. हे उपकरण स्वस्त असते, पण बाजारात मिळणारी बहुतेक उपकरणे लहान ड्रिलसाठी बनविलेली असतात. मोठ्या ड्रिलसाठीची जुनी भारी उपकरणे क्वचित मिळतात. मिळाल्यास त्यांच्या आसाच्या खिळीची झीज प्रथम पाहावी.

दुसरा प्रकार खास ड्रिल पॉइंट ग्राइंडरचा. यात ड्रिल चकमध्ये किंवा कॉलेटमध्ये पकडले जाते आणि आतील कॅममुळे उतार आपोआप मिळतो. दोन्ही धारा एकाच मापाने घासल्या जातात आणि अनेक यंत्रांवर मधली कड बारीक करण्याचीही सोय असते. इंग्लंडचे ब्रायर्ली, अमेरिकेतील एड्रियन येथील ऑलिव्हर आणि स्वित्झर्लंडचे ख्रिस्टन ही या क्षेत्रातील जुनी नावे होत. अशा नावाची पाटी दिसली, तर यंत्र मुळात चांगल्या घडणीचे आहे असे समजण्यास हरकत नाही. मात्र नाव पाहून आजची अवस्था कळत नाही.

तिसरा प्रकार टूल अँड कटर ग्राइंडरचा. याच्या टेबलावर फिरते वर्कहेड बसवून ड्रिलच्या टोकावर चार सपाट पैलू पाडता येतात. या चार पैलूंच्या टोकाचे ड्रिल मध्यावर चांगले बसते आणि छिद्र सुरू होताना कमी भरकटते. १९४३ साली स्थापन झालेल्या सिकंदराबादच्या प्रागा टूल्सने आणि १९५३ साली बंगळुरूत सुरू झालेल्या एच.एम.टी.ने यंत्रसामग्रीच्या क्षेत्रात मोठे काम केले. त्यांची जुनी यंत्रे देशभरातील टूलरूममध्ये आढळतात. टूल अँड कटर ग्राइंडरवर ड्रिलबरोबर मिलिंग कटर, रीमर यांनाही धार लावता येते. मात्र त्यावर काम करण्यास शिकलेला माणूस हवा आणि एका ड्रिलला वेळही अधिक लागतो. दिवसाला दोन-चारच ड्रिल असतील, तर हा प्रकार सोयीचा आहे. रोज दहा-वीस ड्रिल लावावयाची असतील, तर दुसराच प्रकार घ्यावा.

शोध कोठे घ्यावा

पांढरकवड्याच्या दृष्टीने नागपूर ही पहिली बाजारपेठ आहे. हिंगणा आणि बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींतील कारखाने संगणकनियंत्रित यंत्रे बसविताना जुनी यंत्रे काढून टाकतात. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या वसाहतींतही चौकशी करावी. कारखान्याकडून थेट घेतलेल्या यंत्राचा फायदा असा, की ते चालू स्थितीत पाहता येते आणि त्यावर काम केलेल्या कामगाराशी बोलता येते. कोणते कॉलेट हरवले, कोणती बेअरिंग केव्हा बदलली, हे त्याला ठाऊक असते.

दक्षिणेकडे महामार्गानेच तेलंगणात उतरल्यास आदिलाबाद आणि पुढे हैदराबाद लागते. सिकंदराबादचे राणीगंज आणि हैदराबादचे बालानगर हे भाग यंत्रे व अवजारांच्या व्यवहारासाठी ओळखले जातात. मुंबईत अवजारांसाठी नागदेवी स्ट्रीट, जुन्या लोखंडी सामानासाठी कुर्ला आणि दारूखाना, पुण्याजवळ भोसरी, कोल्हापुरात उद्यमनगर ही आणखी काही ठिकाणे. गुजरातेतील राजकोट आणि पंजाबातील बटाला, लुधियाना येथे कमी किमतीची नवी यंत्रेही तयार होतात. जुन्या यंत्राचा भाव ठरविण्यापूर्वी अशा नव्या यंत्राचा भाव विचारून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

सरकारी लिलाव हा तिसरा मार्ग. १९६४ साली स्थापन झालेली एम.एस.टी.सी. ही सार्वजनिक कंपनी सरकारी कंपन्या व खात्यांच्या निकामी मालाचे ऑनलाइन लिलाव करते. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात असून तिची वणी आणि वणी उत्तर ही क्षेत्रे केळापूरच्या शेजारीच आहेत. आयुधनिर्माणीचे कारखाने चंद्रपूर, भंडारा आणि अंबाझरी येथे आहेत. एस.टी. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा हिंगण्यात आहे. अशा मोठ्या कार्यशाळांच्या टूलरूममध्ये धार लावण्याची यंत्रे असतात आणि कालांतराने ती निकाली निघतात. लिलावात भाग घेण्यासाठी आधी नोंदणी व अनामत रक्कम आवश्यक असते. माल ‘जसा आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकला जातो. त्यामुळे पाहणीच्या ठरलेल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन यंत्र पाहिल्याशिवाय बोली लावू नये. बऱ्याचदा एकच यंत्र सुटे न विकता अनेक वस्तूंचा गट विकला जातो. असा गट भंगार व्यापारी घेतो. त्याच्याशी आधी बोलून ठेवले, तर हवे ते यंत्र वजनाच्या भावापेक्षा थोडे अधिक देऊन मिळू शकते.

बंद पडलेल्या गिरण्यांचा उल्लेखही येथे करावयास हवा. जमशेदजी टाटा यांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलसह विदर्भातील अनेक कापड गिरण्या काळाच्या ओघात बंद झाल्या. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातही हेच घडले. प्रत्येक मोठ्या गिरणीला स्वतःचे दुरुस्ती खाते असे. तेथील यंत्रे हातोहाती फिरत लहान वर्कशॉपांपर्यंत पोहोचली. गावातील एखाद्या जुन्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेले यंत्र हे अशा प्रवासातून आलेले असू शकते. म्हणून दूरचा प्रवास करण्यापूर्वी जवळच्या वयस्क मिस्त्रींकडे विचारणा करावी.

यंत्र कसे पारखावे

यंत्राला नवा रंग दिलेला असेल, तर त्याकडे लक्ष देऊ नये. पाहावयाच्या गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली गोष्ट स्पिंडल. वीज बंद असताना चाकाचा आस हाताने वर-खाली आणि पुढे-मागे हलवून पाहावा. जाणवण्याइतका प्ले असेल, तर बेअरिंग गेली आहेत. नंतर चाक काढून आसावर डायल गेज लावून तो हळूहळू फिरवावा. फरक एक शतांश मिलिमीटरच्या आसपास असावा. बेअरिंग बदलता येतात, पण त्यांची बैठक झिजलेली असेल, तर दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट ड्रिल पकडण्याची व्यवस्था. कॉलेटचा पूर्ण संच, चक, टेपरचे बुश, लांब ड्रिलचे मागचे टोक टेकविण्याचा आधार हे सारे यंत्रासोबत आहे की नाही, हे मोजून घ्यावे. जुन्या यंत्रांत हरवलेली वस्तू बहुधा हीच असते. ‘कॉलेट नंतर पाठवतो’ या आश्वासनावर व्यवहार पूर्ण करू नये. परदेशी यंत्राचे सुटे कॉलेट मिळणे कठीण असते आणि ते टर्नरकडून बनवून घ्यावयाचे, तर टणक पोलाद, उष्णता-प्रक्रिया आणि अचूक ग्राइंडिंग असे तिन्ही खर्च येतात.

तिसरी गोष्ट कॅम आणि सरकते भाग. ग्राइंडिंगची धूळ म्हणजे धारदार कणांचे पीठच असते. ते तेलात मिसळून सरकपट्ट्यांत गेले, की झीज झपाट्याने होते. टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून पाहावे. मध्ये ढिले आणि टोकांना घट्ट लागत असेल, तर मधला भाग झिजला आहे. कॅमवर खाचा पडलेल्या असतील, तर धारेमागचा उतार सारखा येणार नाही.

चौथी गोष्ट मोटर. भारतात थ्री-फेज वीज ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. अमेरिकेतून आलेल्या यंत्राची मोटर ६० हर्ट्झची असेल, तर ती येथे सुमारे एक षष्ठांशाने हळू फिरते. चाकाच्या सुरक्षिततेला त्याने बाध येत नाही, मात्र घासण्याचा वेग कमी होतो. वर्कशॉपमध्ये सिंगल फेजच असेल, तर मोटर २३० व्होल्टच्या डेल्टा जोडणीची आहे का, ते पाहावे. तशी असल्यास लहान मोटर व्ही.एफ.डी.च्या साह्याने चालविता येते. पावसाळ्यात पडून राहिलेल्या मोटरची इन्सुलेशन चाचणी मेगरने करून घ्यावी. एक मेगओहमपेक्षा कमी आकडा आल्यास मोटर वाळवावी किंवा पुन्हा वाइंडिंग करावे लागेल, असे समजावे.

शेवटी प्रत्यक्ष चाचणी. खरेदीदाराने आपलीच दोन-तीन बोथट ड्रिल, शक्यतो २५, ४० आणि ५० मिलिमीटरची, सोबत न्यावीत आणि ती आपल्यासमोर लावून घ्यावीत. धार लावलेले ड्रिल व्ही-ब्लॉकवर आडवे ठेवून, मागचे टोक एका ठोकळ्याला टेकवून, दोन्ही धारांची उंची डायल गेजने मोजावी. फरक पाच शतांश मिलिमीटरच्या आत आल्यास यंत्र उत्तम समजावे. त्यानंतर त्या ड्रिलने जाड पोलादी पट्टीत छिद्र पाडून पाहावे. साध्या पोलादात मिनिटाला २५ मीटर कापण्याचा वेग धरला, तर ५० मिलिमीटरच्या ड्रिलला सुमारे १६० आणि २५ मिलिमीटरच्या ड्रिलला सुमारे ३२० फेरे येतात. दोन्ही खाचांतून सारख्या जाडीचा कीस बाहेर आला आणि छिद्राचा व्यास मर्यादेत राहिला, तर अन्य प्रमाणपत्राची आवश्यकता राहत नाही.

चाकाची निवड आणि सुरक्षितता

जुन्या यंत्राबरोबर आलेले चाक कधीही वापरू नये. ते केव्हा पडले, कोठे आपटले, किती वर्षे ओलीत राहिले, हे कोणीच सांगू शकत नाही. हायस्पीड ड्रिलसाठी पांढरे किंवा गुलाबी अॅल्युमिनियम ऑक्साइडचे चाक घ्यावे. मोठ्या ड्रिलसाठी ४६ ते ६० क्रमांकाचा दाणा योग्य ठरतो. कार्बाइडच्या टोकासाठी हिरवे सिलिकॉन कार्बाइड किंवा हिऱ्याचे चाक लागते. हिऱ्याचे चाक पोलादावर चालविणे नुकसानीचे आहे. तापलेल्या लोखंडाशी संपर्क येऊन हिरा लवकर झिजतो. पोलादासाठी तशा कठीण चाकाची गरज असल्यास सी.बी.एन.चे चाक वापरतात.

नवे चाक बसविण्यापूर्वी ते बोटावर अधांतरी धरून लाकडी दांड्याने हलकेच ठोकावे. खणखणीत नाद आला, तर चाक अखंड आहे. बद्द आवाज आला, तर त्यात तडा आहे आणि ते फोडून टाकावे. ही परीक्षा चिनी मातीसारख्या बंधाच्या चाकांना लागू पडते. रेझिनच्या बंधाची चाके तशी वाजत नाहीत.

चाकाचा व्यास आणि मोटरचे फेरे यांचा मेळ ही सर्वांत महत्त्वाची बाब होय. मिनिटाला २८०० फेरे घेणाऱ्या मोटरवर २०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २९ मीटर होतो. त्याच मोटरवर २५० मिलिमीटरचे चाक चढविले, तर तो सुमारे ३७ मीटर होतो. सर्वसाधारण चाकांची मर्यादा बहुधा ३५ मीटरपर्यंत असते. म्हणजे केवळ दोन इंच मोठे चाक बसविल्याने सुरक्षिततेची रेषा ओलांडली जाते. फुटलेल्या चाकाचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीच्या किंवा चेहऱ्याच्या उंचीवर येतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३० व्या कलमाने ग्राइंडिंग यंत्राजवळ कमाल सुरक्षित वेगाची सूचना कायम लावून ठेवण्याचे बंधन घातले होते, त्यामागे हेच कारण होते. आपले वर्कशॉप कायद्याच्या कक्षेत येते की नाही, याचा विचार न करता प्रत्येकाने ही सूचना रंगवून लावावी.

चाकावरील लोखंडी आवरण अनेक जुन्या यंत्रांवरून काढून टाकलेले आढळते. ते नसेल, तर जाड पत्र्याचे नवे बनवूनच यंत्र सुरू करावे. नवे चाक बसविल्यावर पहिले मिनिटभर बाजूला उभे राहून ते मोकळे फिरू द्यावे. डोळ्यांवर चष्मा, नाकावर धूळरोधक पट्टी आणि अंगावर सैल उपरणे, पंचा किंवा लांब बाह्या नसणे हे नियम सर्वांना ठाऊक असतात. अपघात होतो तो ‘दोन मिनिटांचेच काम आहे’ म्हणून ते बाजूला ठेवल्यावर.

कागदपत्रे आणि वाहतूक

जुन्या यंत्राचा व्यवहार तोंडी करू नये. विकणाऱ्याकडून रीतसर बिल घ्यावे आणि त्यावर यंत्राचे नाव, क्रमांक व सोबतच्या वस्तूंची यादी लिहून घ्यावी. कर्ज काढून घेतलेले यंत्र बँकेकडे तारण असू शकते. तसे असताना ते विकले गेले, तर खरेदीदार अडचणीत येतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू असल्याने नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून कराचे बिल मागावे. तेलंगणासारख्या दुसऱ्या राज्यातून ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल आणताना ई-वे बिल लागते. ते नसल्यास रस्त्यात गाडी अडविली जाऊ शकते.

वाहतुकीपूर्वी चाक काढून ठेवावे, टेबल व सरकते भाग बांधून घट्ट करावेत आणि उघड्या पृष्ठभागांवर ग्रीस लावावे. यंत्र उचलताना साखळी स्पिंडलला किंवा टेबलाला न अडकविता खालच्या बैठकीला अडकवावी. खरेदीच्या दिवशी धडधाकट असलेली कित्येक यंत्रे चुकीच्या उचलीमुळे वाटेतच बिघडतात.

यंत्र पोहोचल्यावर ते सपाट काँक्रीटवर, लेव्हल पाहून, रबरी पॅडवर बसवावे. लेथ आणि ड्रिलिंग मशिनपासून ते शक्य तितके दूर, वेगळ्या कोपऱ्यात असावे. त्याची धूळ शेजारच्या यंत्राच्या सरकपट्ट्यांत गेली, तर एका यंत्राच्या फायद्यापायी दुसऱ्याचे नुकसान होते.

यंत्र घ्यावे की नाही?

महिन्याकाठी चार-पाचच मोठी ड्रिल बोथट होत असतील, तर स्वतंत्र यंत्र घेण्यापेक्षा प्रत्येक मापाची दोन ड्रिल बाळगावीत आणि बोथट झालेली एकत्र करून नागपूरला लावून आणावीत, हे अधिक किफायतशीर ठरते. जाड पट्ट्यांत मोठी छिद्रे पाडण्याचेच काम असेल, तर चुंबकीय ड्रिलवर चालणाऱ्या पोकळ कटरचाही विचार करता येतो. तो फक्त कडेचा धातू कापतो आणि मधला ठोकळा अखंड बाहेर पडतो, त्यामुळे शक्ती कमी लागते. मात्र पूर्वीचे छिद्र मोठे करण्यासाठी किंवा लेथवर खोल छिद्रे पाडण्यासाठी पिळाचे ड्रिल लागतेच.

याउलट गावातील चार-पाच वर्कशॉप एकत्र आली आणि त्यांनी मिळून एक यंत्र घेतले, तर कामही पुरेसे मिळते आणि खर्चही वाटला जातो. अशा व्यवस्थेत यंत्र एकाच्या ताब्यात, चालविणारा एकच आणि प्रति ड्रिल दर ठरलेला असावा. अनेकांचे हात लागलेल्या यंत्राची देखभाल कोणीच करीत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे. नेमलेल्या माणसाने चाकाचे ड्रेसिंग वेळेवर करावे, रोज काम संपल्यावर धूळ पुसावी आणि महिन्यातून एकदा डायल गेजने दोन्ही धारांची उंची तपासावी. मोठे ड्रिल सांभाळण्याचा आणखी एक नियम असा, की ते पूर्ण बोथट होण्याची वाट पाहू नये. कापताना आवाज बदलला, कीस बारीक व निळसर येऊ लागला किंवा दाब वाढवावा लागला, की ते खाली उतरवावे. त्या वेळी मिलिमीटरभर घासून भागते. आणखी दोन छिद्रांचा मोह धरला, तर कोपरे जळतात आणि पाच-सहा मिलिमीटर लांबी कायमची जाते.